पुढे सरकतच नाही म्हणे!

मी वाचायला दिलेलं 'द माकिओका सिस्टर्स' परवा परत आलं. खूण ऐंशीव्या पानावर. नेणारा इथला, म्हसवडचाच मित्र, आणि चांगला वाचणारा. म्हणून जास्त लागलं. म्हणाला, "अगं, काहीच घडत नाही यात. चार बहिणी, एकीचं लग्न जमत नाही, बास. पुढे सरकतच नाही."

हे 'पुढे सरकणं' म्हणजे नक्की काय, ते कुणीतरी मला सांगा. हल्ली पुस्तकाचं कौतुक म्हणजे "एका बैठकीत संपवलं". अरे, पुस्तक आहे की दाढदुखी, लवकर संपायला?

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेखक जुनिचिरो तानिझाकी, मी वाचते तो एडवर्ड सायडेनस्टिकरचा 1957 चा इंग्रजी अनुवाद. ओसाकाचं एक जुनं, उतरती कळा लागलेलं व्यापारी घराणं. थोरल्या त्सुरुको आणि साचिको लग्न झालेल्या, धाकटी ताएको स्वतःच्या मर्जीने वागणारी, आणि मधे तिशीला आलेली युकिको. तिच्यासाठी स्थळं येतात, चौकशा होतात, पाहण्याचे कार्यक्रम होतात, मोडतात. पाचशेहून जास्त पानं. काळ 1936 ते 1941.

आता 'काहीच घडत नाही' बघू. युकिकोच्या डोळ्यावर एक डाग आहे, कधी उमटतो, कधी जातो. पाहुणे यायच्या वेळी तो दिसू नये ही साऱ्या घराला धास्ती. एक चांगलं स्थळ येतं, तो गृहस्थ स्वतः फोन करतो, आणि ही लाजाळू मुलगी धड बोलू शकत नाही. मोडलं! एका फोनवर. ते प्रकरण मी दोनदा वाचलं, दोन्ही वेळा पोटात गोळा आला. शिवाय 1938 चा महापूर आहे, एक मृत्यू आहे. पण लेखक त्यांच्यासाठी आवाज चढवत नाही, आणि आपल्याला तर आवाज चढल्याशिवाय घडल्यासारखं वाटतच नाही.

माझ्या ताईचं लग्न जमायला सहा वर्षं लागली. आमच्या माणदेशात त्यात पावसाचीही भर. "यंदा पाऊसपाणी बघू, मग ठरवू." त्या सहा वर्षांत आमच्या घरी काय घडलं असं कुणी विचारलं असतं, तर वडील म्हणाले असते, काही नाही. आई मात्र प्रत्येक पाहुण्याला काय वाढलं, कोण बसता बसता काय बोललं, निरोप कोणत्या वारी आला, सगळं सांगू शकली असती. ताई काय म्हणाली असती, ते मला अजून विचारवत नाही. हिशोब कोण ठेवतो यावर असतं, काही घडलं की नाही ते.

आणि हा आक्षेप नवा नाही बरं का. 1943 मध्ये ही कादंबरी 'चुओ कोरोन' मासिकात क्रमशः येऊ लागली, दोन हप्ते झाले आणि लष्कराच्या दबावाने बंद पडली. देश युद्धात असताना बायकांचे किमोनो आणि चेरीचा बहर कसला छापता, असा रोख. तानिझाकी लिहीत राहिला. 1944 मध्ये पहिला भाग स्वतःच छापून त्याने मित्रांना वाटला. पुरी कादंबरी युद्ध संपल्यावर, 1948 पर्यंत बाहेर आली. माझ्या मित्राची आणि त्या सेनाधिकाऱ्यांची तक्रार एकच निघावी, याची मला गंमत वाटते. (त्याला हे सांगितलं. आवडलं नाही.)

कंटाळवाण्या जागा आहेतच. शेजारच्या जर्मन कुटुंबाची ती पत्रं मी भराभर उलटली. पण आपण म्हसवडकरांनी तरी संथपणाला नावं ठेवू नयेत! आपल्या सिद्धनाथ-जोगेश्वरीचं लग्न दिवाळीत सुरू होतं, ते मार्गशीर्षात रथ निघेपर्यंत महिनाभर चालतं. "देवाचं लग्न पुढे सरकत नाही" असं म्हणून उठून गेलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

आमची आजी-पणजीची पिढीही अशीच वाचायची. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' 'करमणूक'मधून हप्त्याहप्त्याने आली. आठवडाभर यमूची काळजी करत राहायचं, मग पुढचा तुकडा. तितकं नको. रोज रात्री दहा पानं वाचा, दोन महिन्यांत होतं.

युकिकोचं अखेर जमतं, पण तानिझाकी आपल्याला मांडवात नेतच नाही. ती लग्नासाठी तोक्योच्या गाडीत बसते, पोट बिघडलेलं, आणि ते गाडीतही थांबत नाही. संपली कादंबरी. शेवटचं पान आधी उघडणाऱ्याला हा विनोद वाटेल. मी तिथवर पायी गेले होते, मला हसू आलं नाही.