राष्ट्रपतींसाठी प्रार्थना, पण नेमकी कशाची?

रविवारच्या उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना सुरू झाली की चौथ्या-पाचव्या वाक्याला देश येतो. आमच्या राष्ट्रपतींना, पंतप्रधानांना, मुख्यमंत्र्यांना ज्ञान दे, सुबुद्धी दे. मंडळी आमेन म्हणते आणि आपण आजाऱ्यांच्या यादीकडे वळतो. तिथे मात्र नावं असतात. कोणाची किडनी, कोणाचं ऑपरेशन मंगळवारी, कोणाच्या मुलीला ॲडमिशन मिळत नाही, हे सगळं देवाला तपशीलवार सांगितलं जातं. देशाच्या वाट्याला एक वाक्य, आणि तेही वर्षानुवर्षं तेच.

माझ्या लेखी हा सलाम आहे. देवाचं नाव घेऊन घातलेला, पण सरकारला ऐकू जावा असा.

मी दिवसभर ऑफिसात तक्रारींची तिकिटं बघतो. ‘सिस्टीम नीट करा’ एवढंच लिहिलेलं तिकीट कोणी उघडतही नाही, कारण लिहिणाऱ्यालाच काय हवंय ते कळलेलं नसतं. देव आमच्या टीमपेक्षा सहनशील आहे, मान्य. पण ‘सुबुद्धी दे’ म्हणताना आपल्याला काय हवंय, हे आपल्याला तरी ठाऊक असतं का?

हा विषय काढला की वडीलधारी मंडळी तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय दाखवतात. राजांसाठी प्रार्थना करा, असं पौल तिथे सांगतो. बरोबर आहे. पण राजा कोण होता? परंपरेनुसार नीरो, आणि त्याच्याच कारकिर्दीत पौलाचा शिरच्छेद झाला असं मानतात. पुढे इ.स. २००च्या आसपास कार्थेजच्या तर्तुल्यानाने रोमन अधिकाऱ्यांना सुनावलं की आम्ही सम्राटासाठी देवाकडे मागतो, पण सम्राटाला देव म्हणणार नाही. म्हणजे राज्यकर्ता माणूस आहे, तो चुकतो आणि त्याच्या वर कोणीतरी आहे, हे या प्रार्थनेत आधीच गृहीत धरलंय. आपण नेमकं तेवढंच गाळलं. निवडणुकीच्या तोंडावर उमेदवार चर्चमध्ये येतो, त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते आणि संध्याकाळपर्यंत फोटो सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरतो. नाथान संदेष्टाही दावीद राजाकडे गेला होता. तो उरीयाच्या खुनाचा जाब विचारायला गेला होता.

२०१८च्या मे महिन्यात दिल्लीचे तेव्हाचे आर्चबिशप अनिल कुटो यांनी पत्र काढलं. देशातलं राजकीय वातावरण अशांत आहे, तेव्हा शुक्रवारी उपवास करा, प्रार्थना करा, एवढंच त्यात होतं. केवढा गदारोळ झाला! चर्च राजकारण करतंय म्हणून टीव्हीवर चर्चा रंगल्या. मला त्यातून एकच गोष्ट कळली: ‘सुबुद्धी दे’वर आजवर कोणी आक्षेप घेतला नाही, कारण त्यात काही मागितलेलंच नसतं.

मग मागायचं काय? लांब जायला नको. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माबाहेरच्या दलिताला अनुसूचित जातीतून वगळलं. १९५६मध्ये शिखांना आणि १९९०मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही बाहेर आहेत. नगर जिल्ह्यातल्या चर्चमधल्या बाकांवर बसलेल्यांचे पणजोबा कोणत्या वस्तीतून आले, हे गावाला पक्कं माहीत असतं. बाप्तिस्म्याने गाव जात विसरत नाही. पण मारहाण झाली तर ॲट्रॉसिटी कायदा मदतीला येत नाही आणि राखीव जागेवरून निवडणूक लढवता येत नाही. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७मध्येच ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं. सर्वोच्च न्यायालयात २००४मध्ये याचिका दाखल झाली. २०२२मध्ये सरकारने आणखी एक आयोग नेमला. आणि आपण दर रविवारी, अगदी न चुकता, राष्ट्रपतींसाठी प्रार्थना करतो. त्या आदेशाचा उच्चार मात्र माझ्या कानांनी त्या प्रार्थनेत एकदाही ऐकलेला नाही. काही चर्चसंघटना १० ऑगस्टला काळा दिवस पाळतात. आमच्याकडे पाच दिवसांनी झेंडावंदन होतं, लाडू वाटले जातात. लाडूंबद्दल माझी तक्रार नाही.

‘चर्चमध्ये राजकारण नको’ म्हणणाऱ्यांनी जरा पंडिता रमाबाईंकडे बघावं. प्रार्थनेवर त्यांच्याइतकी श्रद्धा असलेली माणसं मराठी ख्रिस्ती समाजात फार झाली नाहीत. १८९७मध्ये पुण्यातल्या सरकारी प्लेग इस्पितळात बायकांचे हाल होत होते. रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये त्यावर उघड पत्र लिहिलं. राज्यकर्ते ख्रिस्ती होते, मिशनला मदत करणारेही त्यांच्याच देशातले. तरी लिहिलं, आणि प्रश्न ब्रिटिश संसदेपर्यंत गेला.

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण १ टक्काही भरलो नाही. प्रार्थनासभेच्या दाराशी कोण येऊन उभं राहील, याचा विचार पाळकसाहेबांना करावा लागतो, मला लागत नाही. पण भिऊन जुळवलेल्या वाक्याला श्रद्धा म्हणू नका.

माझ्या वयाच्या मित्रांशी माझं भांडण वेगळं आहे. ‘त्या माणसासाठी मी प्रार्थना करणार नाही’ असं ते ऐटीत सांगतात. नावडत्याला वगळून प्रार्थना करायची, तर त्यापेक्षा रील बघत बसलेलं बरं. ज्याच्या सहीने तुमचं आयुष्य अडतं, त्याचंच नाव आधी घ्यायला हवं. आवडो न आवडो.

येत्या १० ऑगस्टच्या आधीच्या रविवारी एवढं करून बघा. राष्ट्रपतींचं नाव, पंतप्रधानांचं नाव, आदेशाचं साल, तिसरा परिच्छेद, न्यायालयातली याचिका, आणि ज्यांना त्या आदेशाचा फटका बसला अशी आपल्याच मंडळीतली चार माणसं, त्यांची संमती विचारून. वाचायला दीड मिनिट लागेल. आजाऱ्यांची यादी त्यानंतर घ्या.