हो सर, नाही सर

गेल्या सेमिस्टरला मशीन्सच्या ओरलमध्ये आमच्या अण्णाला २५ पैकी ११ मार्क पडले. अण्णा म्हणजे माझा रूम पार्टनर. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला, मूळचा बीडकडचा, आणि मोटर या विषयात आमच्या अख्ख्या विंगचा गुरू. सबमिशनच्या आदल्या रात्री ज्याच्या दारात पोरांची रांग लागते तो हा अण्णा. त्याच्याकडून रात्री दोन वाजेपर्यंत शिकून गेलेल्या मला १९ आणि शिकवणाऱ्याला ११!

चार जणांना एकत्र बसवलं होतं, त्यामुळे काय झालं ते मी शेजारच्या खुर्चीवरून पाहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सिंक्रोनस मोटर विचारली. अण्णाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, पण बरोबर सांगितलं. मग सरांचा प्रश्न आला, "डझन्ट इट स्टार्ट ऑन इट्स ओन?" अण्णा म्हणाला, "यस सर." सरांनी भुवया वर केल्या. "आर यू शुअर?" "यस सर!" या वेळी अण्णाचा आवाज आणखी खणखणीत. सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्याकडे वळले.

सिंक्रोनस मोटर आपली आपण सुरू होत नाही, हे अण्णाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. त्याने तेच सांगितलं होतं. "ती आपोआप सुरू होत नाही का?" "हो सर," म्हणजे "हो, नाही होत." मराठीत हे उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. आपण समोरच्याच्या म्हणण्याला होकार देतो, की बाबा, तू म्हणतोस ते खरंय. इंग्रजीतला 'यस' समोरच्याच्या म्हणण्याकडे बघत नाही. तो बघतो आपल्या उत्तरातल्या क्रियापदाकडे. मोटर सुरू होत असेल तर 'यस', होत नसेल तर 'नो'. प्रश्न कसाही विचारलेला असो. म्हणजे अण्णाने परीक्षकांना दोनदा, ठासून सांगितलं की सिंक्रोनस मोटर आपली आपण सुरू होते.

हे मला त्या दिवशी कळलं नाही. रात्री कँटीनवर चहा घेताना अण्णा म्हणाला, "च्यायला, मी चुकलो कुठं?" तेव्हा आम्ही दोघांनी मिळून तो संवाद चार वेळा उलटासुलटा केला आणि मग ट्यूब पेटली. तेव्हापासून मला हा लेख लिहायचा होता.

माझं म्हणणं असं आहे, की आपल्या इंग्रजीतल्या बऱ्याच चुका या अडाणीपणाच्या चुका नाहीत. त्या मराठीच्या नियमाने बरोबर असतात. आपण नियम पाळतो, फक्त दुसऱ्या भाषेचा. आणि हे एकदा कळलं की चुकांवर हसायचं काही कारण उरत नाही, आणि दुरुस्त करणंही सोपं होतं.

हसण्यावरून आठवलं. प्राध्यापकांच्या इंग्रजीचे विनोद आपल्या होस्टेलवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. पूर्वी त्याची झेरॉक्स फिरायची म्हणे, आता मोबाईलवर फिरतात. त्यातला हुकमी विनोद म्हणजे "बोथ ऑफ यू थ्री, गेट आउट!" मीही यावर पोट धरून हसलोय. पण मराठीत म्हणून बघा, "तुम्ही दोघंही बाहेर व्हा", "तुम्ही तिघंही बाहेर व्हा." आपला तो 'ही' दोघांना चालतो, तिघांना चालतो, साठ जणांच्या वर्गाला चालतो. इंग्रजीचा 'बोथ' मात्र दोनवरच संपतो. जो कोणी पहिल्यांदा हे बोलला असेल त्याने मराठीतला 'ही' इमानेइतबारे इंग्रजीत नेला होता, एवढाच त्याचा गुन्हा. 'ही'चा भाऊ 'च'. "मी इथेच राहतो" म्हणून "आय स्टे हिअर ओन्ली". "मी कालच दिलं" म्हणून "आय गेव्ह यस्टरडे ओन्ली". आपण दर वाक्यात दोनतीन 'च' पेरतो, ते सगळे इंग्रजीत 'ओन्ली' होऊन बाहेर पडतात. इंग्रजीत बहुतेक वेळा तिथे काहीच लागत नाही, आवाजात जोर दिला की झालं.

आता एक जरा गंभीर गोष्ट. टी.ई.ला असताना लॅबमध्ये पॅनेलवर लावायची सूचना लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं होतं, कारण माझं अक्षर बरं आहे. मी ठळक लाल मार्करने लिहिलं, "डू नॉट ओपन द पॅनेल अनटिल द सप्लाय इज नॉट ऑफ." सूचना वर्षभर तिथे होती. शेकडो पोरांनी वाचली, स्टाफनेही वाचली. कुणालाच काही खटकलं नाही, कारण आम्ही सगळे ती मराठीत वाचत होतो: "जोपर्यंत सप्लाय बंद होत नाही तोपर्यंत पॅनेल उघडू नका." एकदा बाहेरच्या राज्यातून आलेल्या एका पाहुण्या इंजिनिअरनी ती वाचली आणि विचारलं, "म्हणजे सप्लाय चालू झाला की उघडायचं?"

अक्षरशः तोच अर्थ होतो! 'अनटिल' म्हणजे 'जोपर्यंत' नव्हे, 'अनटिल' म्हणजे '-ईपर्यंत'. मराठीत आपल्याकडे दोन्ही सोयी आहेत. "बंद होत नाही तोपर्यंत उघडू नका" आणि "बंद होईपर्यंत उघडू नका." दुसऱ्या वाक्यात 'नाही' नाहीये. इंग्रजीला हेच दुसरं वाक्य पटतं: "अनटिल द सप्लाय इज ऑफ." म्हणून मी आता 'अनटिल' लिहायच्या आधी मनात '-ईपर्यंत' म्हणतो. होईपर्यंत, येईपर्यंत, थांबेपर्यंत. चूक होतच नाही. 'अनलेस'चंही तेच. त्याच्या पोटात 'नाही' आधीच बसलेला असतो, वर दुसरा टाकायचा नाही. आणि 'जरी–तरी'ची जोडी इंग्रजीत फोडावी लागते. "ॲल्दो द मोटर इज ओल्ड, बट इट रन्स" यात 'ॲल्दो' किंवा 'बट' यातला एकच ठेवायचा. आपल्याला एक काढला की वाक्य लंगडं वाटतं, पण इंग्रजी तशीच चालते.

ही सूचना तशीच राहिली असती आणि मराठी न येणाऱ्या कुणी ती वाचून हात घातला असता तर? मला अजून त्याचा विचार नको वाटतो.

बाकीच्या चुकाही अशाच घरच्या आहेत. "मला कळतंय, मला वाटतंय, मला दिसतंय" हे आपण दिवसभर बोलतो, म्हणून "आय ॲम अंडरस्टँडिंग", आणि मग "धिस सर्किट इज हॅविंग थ्री लूप्स". इंग्रजीत कळणं, असणं, माहीत असणं ही कामं नाहीत, त्या स्थिती आहेत. त्यांना सहसा 'आयएनजी' लागत नाही. "तो कुठे आहे?" आणि "तो कुठे आहे ते मला माहीत नाही" यात मराठीतला शब्दांचा क्रम हलत नाही, म्हणून "आय डोन्ट नो व्हेअर इज ही". इंग्रजीत प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की सरळ होतो, "व्हेअर ही इज". "माझा एक मित्र" एकच असतो म्हणून "वन ऑफ माय फ्रेंड", पण इंग्रजी आधी सगळे मित्र गोळा करते आणि त्यातला एक उचलते, म्हणून 'फ्रेंड्स'. "सर माझ्यावर रागावले", "विषयाबद्दल चर्चा केली", "गणितात चांगला आहे" या प्रत्येकात आपला प्रत्यय आपल्याबरोबर येतो आणि 'अँग्री ऑन', 'डिस्कस अबाउट', 'गुड इन मॅथ्स' तयार होतात. याला मात्र काही युक्ती नाही. क्रियापद पाठ करताना त्याच्या शेपटीसकट पाठ करायचं.

'इक्विपमेंट्स' आणि 'सॉफ्टवेअर्स' हे शब्द प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये दर पानावर सापडतील. हे दोन्ही शब्द इंग्रजीत मोजता येत नाहीत, 'इन्फर्मेशन'ही नाही. हे विचित्र वाटत असेल तर "दोन माहित्या द्या" म्हणून बघा.

'अ' आणि 'ॲन'च्या बाबतीत तर मराठी माध्यमवाले चक्क फायद्यात आहेत, फक्त आपल्याला कुणी सांगत नाही. शाळेत 'ए, ई, आय, ओ, यू' पाठ करून घेतात आणि मग पोरं 'ॲन यूपीएस' आणि 'अ एलईडी' लिहितात. नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे, आणि उच्चार तर आपली देवनागरी लिहूनच दाखवते. शब्द मराठीत लिहा. स्वराने सुरू झाला तर 'ॲन'. एलईडी, आयसी, एमसीबी, अवर. व्यंजनाने सुरू झाला तर 'अ'. यूपीएस, युनिट, वन-वे स्विच. इंग्रजी माध्यमातल्या पोरांना हे कानाने ठरवावं लागतं. 'द' कुठे लावायचा हे मात्र मलाही अजून पूर्ण जमलेलं नाही. लॅबच्या जर्नलपुरतं एवढं पुरतं, की वस्तू पहिल्यांदा आली की 'अ', तीच परत आली की 'द'.

आता सगळ्याच चुका चुका असतात का? 'प्रीपोन' या शब्दावरून एका सेमिनारमध्ये आमच्या एका मित्राची खूप उडवली गेली. तो शब्द आता ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे. 'पोस्टपोन'च्या उलट शब्द आपल्याला हवा होता, आपण तो बनवला आणि वापरला. असे शब्द सोडायची काही गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. उलट "आय पास्ड आउट इन जून" हे मात्र बाहेरच्या कंपनीच्या इंटरव्ह्यूत टाळलेलं बरं, कारण तिकडे साधारणपणे त्याचा अर्थ "मी जूनमध्ये बेशुद्ध पडलो" असा होतो. आणि "मायसेल्फ अमुक तमुक" याने सुरुवात करू नका. "आय ॲम" पुरेसं आहे.

यावर उपाय म्हणून आपण काय करतो? क्लास लावतो. मीही लावला होता. दीड महिना 'पाचशे कॉमन एरर्स'ची यादी घोकली. चूक-बरोबर, चूक-बरोबर. चूक का होते ते कुणीच सांगितलं नाही, त्यामुळे यादीतली वाक्यं सुधारली आणि तोंडातली होती तशीच राहिली. रेन आणि मार्टिनचं व्याकरण उत्तमच आहे (या रेनसाहेबाने १९२४ मध्ये 'बो जेस्ट' नावाची कादंबरीही लिहिली होती, हे मला वाचून धक्का बसला), पण त्या पुस्तकाला मराठी माहीत नाही. आजोबांच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवली. तेव्हा मला ती हास्यास्पद वाटायची, पण तिच्यात मराठी आणि इंग्रजी वाक्य शेजारी शेजारी उभं असायचं. नेमकं तेच आपल्याला हवंय. मोबाईल आता लिहिलेलं वाक्य क्षणात सुधारून देतो, पण ओरलला मोबाईल बाहेर ठेवावा लागतो.

आम्ही रूमवर सुरुवातीला इंग्रजी पेपरचा अग्रलेख रोज वाचायचा ठरवलं. चौथ्या दिवशी बंद पडलं. नंतर जे टिकलं ते असं: जेवण झाल्यावर एकाने एक एक्सपेरिमेंट दहा मिनिटं इंग्रजीत समजावून सांगायचा. मध्ये कुणी टोकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. ऐकणाऱ्याने चूक लिहून ठेवायची आणि शेजारी तिचं मराठी वाक्य लिहायचं. आठवड्याला एकच चूक धरायची. पहिला आठवडा अर्थातच 'यस-नो'चा होता, आणि आम्ही नुसतं 'यस' किंवा 'नो' म्हणायलाच बंदी घातली. पूर्ण वाक्य बोलायचं, "नो सर, इट डझन्ट." पूर्ण वाक्य बोललं की गोंधळ झाला तरी परीक्षकाला कळतो.

स्टाफलाही एक विनंती आहे. सर, मॅडम, शक्य असेल तर ओरलमध्ये नकारार्थी प्रश्न विचारू नका. "कॅन इट स्टार्ट ऑन इट्स ओन?" असं सरळ विचारलं असतं तर अण्णा "नो सर" म्हणाला असता. आणि उत्तर विचित्र वाटलं तर एकदा "मराठीत सांग" म्हणा. २०२१ पासून काही कॉलेजांत मराठीतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी मिळाली, मग पाच मिनिटांच्या ओरलमध्ये एक वाक्य मराठीत ऐकायला काय हरकत आहे? विषय येतो की नाही हे त्यातून कळेल. इंग्रजी आम्ही सुधारूच, पण इंग्रजीचे मार्क मशीन्समधून कापू नका.

लॅबमधली ती सूचना मी स्वतः जाऊन बदलली. या सेमिस्टरला अण्णाला २५ पैकी २१ पडले.

परवा रात्री प्रॅक्टिस लांबली आणि मेसला जायला उशीर झाला. अण्णाने दारातूनच विचारलं, "मावशी, पोळ्या संपल्या नाहीत ना?" मावशी म्हणाल्या, "हो." आम्ही ताटं घेऊन रांगेत उभे राहिलो.