केशरी दाढी चालते, मग निळे केस का नाहीत?

दोन वर्षांपूर्वी रात्री साडेअकराला मिरजेहून आपाचा फोन आला. "तुझ्या भाचीनं डोकं भाजून घेतलंय." मला वाटलं गॅस असेल, गरम पाणी असेल. निघालं ब्लीच.

19 वर्षांच्या माझ्या भाचीला केस निळे करायचे होते. ब्लीच पावडर आणि डेव्हलपर तिनं ऑनलाइन मागवलं आणि बाथरूमचं दार लावून बसली. त्याआधी काही महिने ती केसांना बाजारातली 'काळी मेहंदी' लावत होती. टाळू चुरचुरायला लागली तरी तिनं आवाज काढला नाही, कारण बाहेर दुल्हाभाई टीव्ही बघत बसले होते. शेवटी दार उघडलं तेव्हा कानामागची कातडी लालबुंद झाली होती आणि केसांचा एक झुपका तिच्या हातात होता.

जखम तीन आठवड्यांत बरी झाली. पण त्या रात्री "दुखतंय का?" असं विचारायच्या आधीच घरात कुणीतरी म्हणालं, "आता हिला स्थळं कशी येणार?"

मी नंतर भाचीला विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "मामू, सांगितलं असतं तर तुम्हीपण नाहीच म्हणाला असता." खरं होतं. मीही नाहीच म्हणालो असतो.

मग मला माझंच आठवलं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी होस्टेलवर मित्राकडून मी पुढच्या केसांना सोनेरी पट्टे काढून घेतले होते. सुट्टीत घरी गेलो तर अब्बा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जा, न्हाव्याकडं जाऊन ये." विषय संपला. माझ्या स्थळांची काळजी कुणालाच वाटली नाही.

आता जरा आपल्याच मोहल्ल्यात नजर टाका. जुम्याच्या नमाजला पहिल्या सफेत केशरी दाढीचे किती आजोबा दिसतात? माझ्या अम्मीचे केसही मेहंदीनं असेच भडक केशरी आहेत. यापेक्षा वेगळा, लांबून उठून दिसणारा रंग दुसरा कोणता? पण त्याला कुणी फॅशन म्हणत नाही. मी आलिम नाही, पण एवढं वाचलंय की मक्का जिंकल्यावर हजरत अबू बकर यांचे वयोवृद्ध वडील अबू कुहाफा यांना आणलं गेलं, तेव्हा त्यांचे पांढरेशुभ्र केस रंगवा, फक्त काळा रंग टाळा, असं पैगंबरसाहेबांनी सांगितल्याची हदीस 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. आणि आपल्याकडे सर्रास लावला जातो तो काळा कलपच! मामा-चाचा निकाहाच्या आदल्या दिवशी कलप लावून तयार होतात, तेव्हा कुणाला हदीस आठवत नाही. ती आठवते मुलीच्या केसांवर निळी बट दिसली की.

म्हणजे अडचण रंगाची नाही. केस कुणाचे आणि निर्णय कुणाचा, ही अडचण आहे.

या दबावाचा परिणाम फक्त मनावर होत नाही, कातडीवरही होतो. घरात विचारता येत नाही, म्हणून मुली रात्री, दार लावून, घाईघाईत प्रयोग करतात. आणि घरी केस ब्लीच करणं ही घाईत करायची गोष्ट नाही.

आपल्या केसांचा काळा रंग मेलॅनिनमुळे असतो. ब्लीचमधला हायड्रोजन पेरॉक्साइड केसात शिरून हे मेलॅनिन मोडतो. काळा केस आधी तांबूस होतो, मग नारिंगी, मग पिवळा. निळा रंग स्वच्छ दिसायला केस फिकट पिवळ्यापर्यंत न्यावा लागतो, आणि एका बैठकीत तिथवर पोहोचायचा हट्ट केला की केस तुटतात. पिवळ्यावर निळा चढवला तर हिरवट दिसतो, हे चित्रकलेच्या तासाला आपण शिकलेलो आहोत.

मेहंदीचा मामला वेगळा आहे. शुद्ध मेहंदी कधीच काळी नसते. तिच्यातलं लॉसोन केसातल्या केराटिनला चिकटतं आणि तांबूस-केशरी रंग देतं. 'काळी मेहंदी' म्हणून जे विकतात त्यात बऱ्याचदा पीपीडी नावाचं रसायन असतं. त्यानं काहींना जबरदस्त अ‍ॅलर्जी येते. काही मिश्र मेहंद्यांमध्ये धातूचे क्षार असतात. त्यावर पेरॉक्साइड पडला की केस तापतात आणि तुटतात. पाकिटावरचे घटक वाचा. घटक लिहिलेलेच नसतील, तर ते पाकीट घेऊ नका.

करायचंच असेल तर असं करा. आधी थोडं मिश्रण कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून 48 तास थांबा. खालच्या एका बटेवर प्रयोग करून बघा. डेव्हलपर 20 व्हॉल्यूमचा, म्हणजे 6 टक्के पेरॉक्साइडचा घ्या. 40 व्हॉल्यूमचा, म्हणजे 12 टक्क्यांचा, घरी नको. धातूचं भांडं वापरू नका, हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. टाळूवर जखम असेल तर थांबा. भुवया आणि पापण्यांना हात लावू नका. आग व्हायला लागली तर वेळ पूर्ण होण्याची वाट बघू नका, लगेच भरपूर पाण्यानं धुवा. आणि पहिल्यांदा फक्त केसांची टोकं रंगवा. टाळू वाचते, आणि नाही आवडलं तर टोकं कापता येतात.

वुजूचा प्रश्न हमखास येतो. केसांवर पाणी अडवणारा थर बसतो का, एवढंच त्यात बघायचं असतं. असे निळे-जांभळे रंग केसात मुरतात, नेलपॉलिशसारखा पापुद्रा धरत नाहीत.

कुणी म्हणेल, समाजापुढं शिक्षणाचे, रोजगाराचे, सुरक्षिततेचे एवढे प्रश्न असताना केसांचं काय घेऊन बसलात? पण 2022 मध्ये कर्नाटकातल्या हिजाबबंदीच्या वेळी आपण काय म्हणत होतो ते आठवा. मुलीनं डोक्यावर काय घालायचं हे सरकारनं ठरवू नये, असंच ना? त्याआधी 2014 च्या नाल्सा निकालात सर्वोच्च न्यायालयानं पेहराव आणि दिसणं यांना अभिव्यक्तिस्वातंत्र्यात जागा दिली, आणि 2017 च्या पुट्टस्वामी निकालात खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. कोर्टाच्या पायरीवर आपण ज्या हक्काचा हवाला देतो, तो घराच्या उंबऱ्याशी आला की मागं कसा घेतो? मुलीचं डोकं सरकारचं नाही, तसंच ते खालाचं, शेजाऱ्यांचं आणि होणाऱ्या सासूचंही नाही.

किंमत मोजावीच लागत नाही, असं मी म्हणणार नाही. काही कॉलेजं आणि काही नोकऱ्या आजही अशा केसांना नाक मुरडतात. ते मुलीला जरूर सांगा. पण सांगून झालं की निर्णय तिच्यावर सोडा.

मागच्या उन्हाळ्यात भाचीनं पुन्हा केस रंगवले. या वेळी दार उघडं होतं. मी व्हिडिओ कॉलवर होतो, आपा घड्याळ बघत होती आणि अम्मी प्लास्टिकचा वाडगा धरून बसली होती. टोकं छान निळी झाली. भाची कॉलेजला स्कार्फ बांधते, स्वतःच्या मर्जीनं. म्हणून आपानं विचारलं, "दिसणारच नाहीत तर रंगवले कशाला? दाखवणार कुणाला?"

ती म्हणाली, "मला."

तुमच्या घरातली मुलगी उद्या असं काही विचारायला आली, तर तिच्यासाठी दार उघडं असू द्या.