रानघोड्याला जरब नको, जाणकार हवा



‘रानघोडा जरबेनेच वठणीवर येतो’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मला मुळीच पटले नाही. अमेरिकेतील मस्टँग या रानघोड्यांना १९७१च्या कायद्याने संरक्षण दिले. सरकारी खात्याकडून ते दत्तक मिळतात, पण मालकी वर्षभर नीट सांभाळ केल्यावरच.

घोडा ही शिकाऱ्यापासून पळून जगलेली जात. धाक दाखवला की तो पळायची वाट शोधतो. ती नसेल तर लाथ झाडतो. सौम्य पद्धतीत माणूस एक पाऊल पुढे टाकून दाब देतो आणि घोड्याने त्याच्याकडे कान वळवला किंवा मान सैल सोडली, की लगेच मागे सरतो. दाब सुटण्याच्या त्या क्षणातूनच घोडा शिकतो.

नवख्याला नेमका हाच क्षण दिसत नाही. दाब अवेळी सुटला, तर घोडा भलतेच शिकतो. म्हणून कुंपणापाशी उभे राहून ‘आता थांबा’ सांगणारा अनुभवी माणूस हवा. न शिकवलेला प्रौढ घोडा दत्तक घेण्यासाठी ६ फूट उंच कुंपणाची अट आहेच. सुरुवातीच्या काही महिन्यांत मार्गदर्शकाची सोबतही तितकीच सक्तीची असावी. त्यात घोड्याचे आणि माणसाचे, दोघांचेही हित आहे.

– एक वाचक, रीनो (नेवाडा)