घरगाडीस जागा कोठें?

पुण्याच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांचे चिरंजीव सहकुटुंब अमेरिकेंत ओहायो संस्थानांत असतात. गेल्या वर्षीं त्यांनीं कर्ज काढून एक घरगाडी घेतली. तिकडे तिला आर. व्ही. म्हणतात, निजण्याची, रांधण्याची व स्नानाची सोय असलेलें तें चाकांवरचें बिऱ्हाडच होय. गाडी दारांत उभी राहिली तों वसाहतीच्या संघाची नोटीस आली कीं, नियमाप्रमाणें ती येथें ठेवतां येत नाहीं. गांवांतील भाड्याच्या जागा महाग. सूनबाई म्हणतात, विकून टाकावी. चिरंजीव म्हणतात, आईबाबा येतील तेव्हां त्यांना हिच्यांतूनच देश दाखवावयाचा आहे. आपल्या निमित्तानें दोघांत रोज खटके उडतात, तेव्हां आपण काय लिहावें, असें मातोश्री विचारतात.

संघाशीं भांडण्यांत अर्थ नाहीं. घर घेतांनाच त्याचे नियम मान्य केलेले असतात. सामान भरण्याउतरण्यापुरती एकदोन दिवसांची मुभा कित्येक संघ देतात, तेवढी मागून घ्यावी.

भाड्याच्या जागा तीन तऱ्हेच्या: उघडें आवार, नुसतें छप्पर आणि चोहोंकडून बंद कोठी. भाडें साधारणतः याच क्रमानें चढतें आणि शहरापासून दूर जावें तसें उतरतें. पण ओहायो, मिशिगन, विस्कॉन्सिन या थंड संस्थानांत आणखी एक सोय आहे, ती परदेशाहून गेलेल्यास सहसा ठाऊक नसते. तेथें परगण्यापरगण्यांतून शेतकी जत्रा भरतात व त्यांसाठीं कायमचीं मैदानें आणि लांबरुंद कोठारें बांधलेलीं असतात. जत्रेंत तेथें गाईगुरें, घोडे, मेंढरें बांधतात. जत्रा उठली कीं सारें ओस. म्हणून पुष्कळ ठिकाणीं तीं हिवाळ्यापुरतीं होड्या व घरगाड्या ठेवण्यास देतात. भाडें बहुधा गाडीच्या लांबीवर, फुटाच्या हिशेबानें, सबंध मोसमाचें ठरतें. शरदांत आंत गेलेली गाडी वसंतांत बाहेर निघते; मध्येंच मागाल तर मिळावयाची नाहीं, कारण गाडीला गाडी भिडवून कोठार भरलेलें असतें. आपल्या कोंकणांत पावसाळ्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनीं शाकारतात, त्यांतलाच हा प्रकार. बर्फाच्या दिवसांत गाडीलाही काम नाहीं आणि गोठ्यालाही नाहीं. स्वस्ताई येते ती यामुळें. (गोठ्यांत गाडी ठेवण्याची कोणास लाज वाटत असेल, तर त्यानें खुशाल बंद कोठीचें भाडें भरावें.)

गाडी मोजतांना पुढचा जोडदांडा व मागची शिडी धरावी. रुंदी ८॥ फुटांपर्यंत असते; पण दारांत अडते ती उंची, कारण छपरावर वातानुकूलनाचें यंत्र असतें. नळांतील पाणी गोठून नळ फुटतात, म्हणून तें काढून त्यांत गुलाबी, बिनविषारी द्रव भरतात. बॅटरी काढावी, ग्यास बंद करावा, अन्नाचा कणही मागें ठेवूं नये. तिकडच्या उंदरांनाही उबदार बिऱ्हाड हवेंच असतें. जागामालकाचा विमा आपल्या गाडीस लागू असेल असें समजूं नये. आपला स्वतःचा चालू ठेवावा. करारही नीट वाचावा, कारण भाडें थकल्यास ठेवलेली वस्तु लिलावांत काढण्याचा अधिकार मालकास असूं शकतो.

राहिला उन्हाळा. तेव्हां गाडी फिरतीवर असेल, आणि नसेल त्या दिवसांपुरतें गांवाबाहेरचें उघडें आवार पुरे. हिवाळ्याचें कोठार, उन्हाळ्याचें आवार, विमा आणि कर्जाचे हप्ते यांची वर्षाची बेरीज नवराबायकोनें एकत्र बसून करावी, आणि शेजारीं गाडींत निजल्याच्या रात्री मांडाव्या. दर रात्रीचा खर्च साध्या खाणावळीच्या खोलीहून फार चढला, तर सूनबाईंचें म्हणणें खरें.

मातोश्रींनीं मात्र 'विका' किंवा 'ठेवा' असें कांहींच लिहूं नये. आम्ही येऊं तेव्हां चार दिवसांपुरती घरगाडी तिकडे भाड्यानेंही मिळते, तेव्हां आमच्यासाठीं ही राखूं नका, एवढें स्पष्ट कळवावें. पत्र दोघांच्या नांवें असावें, आणि तें शरदापूर्वीं पोंचावें. कोठारें लवकर भरतात.