खोलीचा प्रश्न

मी मिलिंग मशीन घेतल्याचं कळल्यावर मावशीचा फोन आला. "मग आता बाजरीपण घरीच दळता का रे?" तिला घरघंटी वाटली. तेव्हा घरच्या मंडळींसाठी आधीच सांगतो, हे धातू कापायचं मशीन आहे. दिसायला ड्रिलिंग मशीनसारखं. उभ्या खांबावर मोटर आणि कटर असलेलं हेड वरखाली सरकतं, खाली टेबलावर जॉब बांधायचा. ते आमच्या मागच्या खोलीत असतं आणि त्याचा मुख्य प्रश्नही खोलीचाच आहे. म्हणजे कटर किती खोल गेला, याचा.

झालं असं की आजोबांचं टोल्यांचं घड्याळ दोन वर्षं बंद होतं. एका चाकाचा आस पेलणारी पितळी पट्टी झिजली होती. नवी करायची तर तीन मिलिमीटर जाड पट्टीत १.२० मिमी खोल खाच हवी. खाच उथळ राहिली तर आस आवळतो, खोल झाली तर चाक पुढेमागे डगमगतं. मी हँडलच्या डायलवर मोजून बरोबर १.२० उतरलो. खाच निघाली १.३१. दुसरी पट्टी घेतली, ती १.२६.

तिसरीच्या वेळी बाबा दारात खुर्ची टाकून बसले. आयुष्य टूलरूममध्ये गेलेला माणूस, पण आता व्हर्नियरच्या रेघा त्यांना दिसत नाहीत. म्हणाले, "पितळ स्वस्त झालंय का?"

मी म्हटलं, डिजिटल स्केल लावतो, म्हणजे ०.०१ पर्यंत आकडा समोर दिसेल.

"खोटं बोलणाऱ्याला इंग्रजी शिकवून काय होणार?"

यावर आमचं चांगलंच वाजलं. आता मागे वळून पाहताना वाटतं, दोघंही अर्धे बरोबर होतो.

या छोट्या मशीनमध्ये हेड दातेरी पट्टीवर फिरणाऱ्या पिनियनमुळे वरखाली होतं. दात्यांमध्ये थोडी फट असतेच. हँडल उलटं फिरवलं की आधी नुसतं हँडल फिरतं आणि हेड जागेवर राहतं, तो बॅकलॅश. हेडचं वजन पेलायला एक स्प्रिंग असते. तिचा जोर जवळपास वजनाइतकाच असेल तर हेड त्या फटीत लोंबकळत राहतं. मग कटर धातूत शिरला की त्याच्या पिळामुळे तो खाली ओढला जातो आणि आपल्याबरोबर हेडलाही फटीएवढं खाली नेतो. डायलला याचा पत्ताच नसतो. तिला फक्त हँडल किती फिरलं एवढंच ठाऊक.

मी हट्टाने स्केल लावलीच. तिने खाच सुधारली नाही, पण चोर पकडून दिला. हँडलला हातही न लावता हेडचं लॉक आवळलं, तर आकडा ०.०६ ने सरकला! हे डायलवर मला जन्मात कळलं नसतं.

पण स्केलही संत नाही. ०.०१ दाखवते म्हणून ०.०१ खरं असतं असं नाही; असल्या स्वस्त स्केलमध्ये ०.०२-०.०३ ची चूक चालवूनच घेतलेली असते. शिवाय स्केल खांबापाशी आणि कटर वीतभर पुढे. हेड जरासं पुढे झुकलं तर स्केलला कळत नाही, कटर मात्र खाली गेलेला असतो. मोजपट्टी मोजायच्या रेषेतच हवी, हे एर्न्स्ट आबे यांनी १८९० सालीच सांगून ठेवलंय.

म्हणून माझं मत असं, की नवं मशीन घेतल्यावर पहिला खर्च आकड्यावर करू नये. आधी हेडला शिस्त लावावी. मी गाडीच्या डिकीला असतो तसला गॅस स्प्रिंग बसवला, हेडच्या वजनापेक्षा जरा जास्त जोराचा. आता हेड कायम वर ढकललं जातं आणि दात्यांची फट एकाच बाजूला राहते. (पिनियन सोडवायची वेळ आली तर आधी हेड पक्कं बांधा, नाहीतर ते वर उसळेल.) मग जिब आवळली, जेणेकरून हेड सरकेल पण डुलणार नाही.

झिरो घेण्याची पद्धत बाबांची. मशीन बंद ठेवून कटरखाली कागद धरायचा, तो अडकेपर्यंत उतरायचं आणि लॉक आवळूनच झिरो घ्यायचा, कारण कापतानाही लॉक आवळलेलंच असणार. साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिमी, ती हिशेबात धरायची. मग पूर्ण खोलीला जायचं नाही. ०.२ आधी थांबायचं, मशीन बंद करून डेप्थ गेजने खाच मोजायची आणि उरलेलंच स्केलवर उतरायचं. एवढ्याशा अंतरात स्केलची चूकही थोडीच राहते.

तिसरी पट्टी झाली. बाबांनी विचारलं, "किती?"

"१.२१."

"कोण म्हणतंय? डायल, स्केल की खाच?"

"खाच," मी म्हटलं. मग ते उठले आणि चहा सांगायला आत गेले.

मला वाटतं, त्यांचा राग स्केलवर नव्हताच. राग होता तो आकडा दिसला की आपण जॉबकडे बघणं सोडून देतो, त्यावर. आणि ज्यांना आता आकडा दिसतच नाही, त्यांनीच मला हे सांगावं लागलं.

असो. घड्याळ चालू आहे. रोज चार मिनिटं मागे पडतं, पण बाबांच्या मते तो लंबकाचा दोष, खोलीचा नाही. रात्री बाराचे टोले पडले की आईची झोपमोड होते. तिच्या मते पहिल्या दोन पट्ट्याच बऱ्या होत्या.