जेनबाई आणि ते सहा मैल

यंदा दिवाळीला पुतण्या मुंबईहून परभणीला आला. फराळाचे ताट पुढे ओढता ओढता म्हणाला, "काका, एका चित्रातल्या बाईने कपडे उतरवले आणि इंग्रजांची फौज सहा मैल पुढे सरकली म्हणे. खरं का हो?" आमच्या सौभाग्यवतींनी लाडवांचा डबा उचलला आणि त्या आत निघून गेल्या. उत्तराची जबाबदारी अर्थातच आमच्यावर आली.

तर वाचकहो, ही बाई म्हणजे जेन. लंडनच्या 'डेली मिरर' या दैनिकात ५ डिसेंबर १९३२ रोजी ती प्रथम अवतरली. चित्रकार नॉर्मन पेट. आरंभी त्याची पत्नीच चित्रांसाठी समोर बसे. सोबतीला फ्रिट्झ नावाचा आखूड पायांचा, लांबोडा कुत्रा. पहिली काही वर्षे रोज एक विनोद, एवढाच मामला होता. १९३८ पासून डॉन फ्रीमन कथानके रचू लागला आणि वाचकांना 'पुढे काय?' ची चटक लागली. मग महायुद्ध आले. क्रिस्टाबेल लेटन-पोर्टर ही तरुणी पेटची नवी मॉडेल झाली आणि जेनबाईंच्या वस्त्रांना साडेसाती लागली. झगा दारात अडके, काट्यांत फाटे. बाईंचा स्वतःचा अपराध म्हणाल तर काडीचाही नाही! घरदार सोडून परमुलखात पडलेल्या पोरांना चार घटका हसायला तेवढे पुरे होते. पुढे लेटन-पोर्टरबाई रंगमंचावरही जेन होऊन उभ्या राहिल्या.

आता ते सहा मैल. एक दिवस जेनबाई पुरत्या विवस्त्र झाल्या. त्यावर अमेरिकन सैनिकांच्या एका पत्राने कोपरखळी मारली, की बाईंचे वस्त्र गळाले आणि ब्रह्मदेशातली ३६ वी डिव्हिजन लगोलग सहा मैल पुढे गेली. थट्टा म्हणून हे झकासच. पण पुढे जो तो ही थट्टा इतिहास म्हणून सांगू लागला, आणि आमचे भांडण तिथेच आहे.

कारण ते मैल कोणी तरी पायांनी तुडवले होते. ही डिव्हिजन १ सप्टेंबर १९४४ पर्यंत '३६ वी भारतीय डिव्हिजन' म्हणून ओळखली जाई. १९४४ च्या ऐन पावसाळ्यात ती मोगाँगहून रेल्वेच्या वाटेने दक्षिणेकडे निघाली. वर धो धो पाऊस, खाली चिखल, समोर जपानी. इंजिने कुठली मिळायला? मग जीपगाड्याच रुळांवर चढवून त्यांना डबे जोडले. आमच्या पूर्णा जंक्शनच्या जुन्या रेल्वेवाल्यांनी हे ऐकले असते तर कपाळाला हात लावला असता!

बरे, परभणीचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही असेही नाही. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर विमानांचे एक पथक होते, '१५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन'. निजामाने विमानांसाठी पैसा दिला म्हणून हे नाव. पथकाच्या चिन्हावरही निजामाचे शिरोभूषण. परभणी तेव्हा निजामाच्याच राज्यात. त्या राज्याची तिजोरी काही आभाळातून भरत नव्हती. आमच्या काळ्या रानातल्या ज्वारी-कापसाचा सारा तिच्यात पडत होता. त्या शेतकऱ्याने ना जेन पाहिली, ना ते विमान.

पुतण्या मोबाईल खाली ठेवून ऐकत होता. म्हणाला, "पण काका, पुढे तिचं काय झालं?"

युद्ध संपल्यावर बाईंची चमक ओसरली. १९४८ साली पेटने तिला सोडले आणि मायकेल हबर्ड ती काढू लागला. १० ऑक्टोबर १९५९ रोजी शेवटचे चित्र आले: वर्षानुवर्षे ताटकळत ठेवलेल्या जॉर्जीबरोबर जेन नावेतून मावळतीकडे निघून गेली.

"एकदाची मार्गी लागली म्हणायची!" आतून आवाज आला, आणि पाठोपाठ लाडवांचा डबाही आला.